लहान शिकारी कुत्रा घरात पाळताना
(पुलाउ उबीन बेटाच्या निमित्ताने एक अभ्यास)



सिंगापुरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या समाजातील एका कुटुंबाकडून आमच्याकडे एक प्रश्न आला आहे. मुलांना कुत्रा हवा आहे. घरातील आजींचे बालपण सोलापूरकडे गेले. तिकडच्या माळावर पाहिलेला लांब तोंडाचा, सडपातळ करवानी कुत्रा त्यांच्या मनातून गेलेला नाही. मुलांनी शोध करून सांगितले की, त्याच वळणाचा पण अगदी लहान असा 'इटालियन ग्रेहाउंड' सिंगापूरच्या सरकारी सदनिकेत पाळता येतो. तेव्हा तो सदनिकेत ठेवावा आणि सुट्टीच्या दिवशी पुलाउ उबीन बेटावर नेऊन मनसोक्त धावण्यासाठी मोकळा सोडावा, हे चालेल काय, असे त्यांनी विचारले आहे.

हा प्रश्न एका घराचा असला तरी त्याचे उत्तर दिमोना, अश्दोद, लोद येथील आपल्या अनेक घरांना उपयोगी पडेल. इकडेही सदनिका लहान आहेत, मुलांचा हट्ट तोच आहे, आणि कुत्रा घेतल्यावर पस्तावणारी माणसेही आहेत. म्हणून आम्ही तो थोडा विस्ताराने घेत आहोत.

ही जात कोणती?

बहुतेक शिकारी कुत्री नाकाने माग काढतात. जमीन हुंगत हुंगत ती सावजापर्यंत जातात. परंतु कुत्र्यांचा एक वर्ग असा आहे की तो डोळ्यांनी शिकार करतो. दूरवर काही हलले की त्याची मान वर होते, आणि क्षणात तो वाऱ्यासारखा सुटतो. इंग्रजीत यांना 'साईटहाउंड' म्हणतात. ग्रेहाउंड, सलुकी, अफगाण हाउंड ही या वर्गातील मोठी मंडळी. लहानांत दोन जाती प्रसिद्ध आहेत. 'व्हिपेट' हा खांद्यापाशी सुमारे ४४ ते ५१ सेंटिमीटर उंच असतो. 'इटालियन ग्रेहाउंड' त्याहून लहान, म्हणजे ३२ ते ३८ सेंटिमीटर उंच आणि वजनाने जास्तीत जास्त ५ किलो. हे आकडे आंतरराष्ट्रीय श्वानसंघाने ठरविलेल्या मापांतले आहेत.

या सर्वांची ठेवण सारखीच. छाती खोल, पोट आत ओढलेले, पाय लांब, कातडी पातळ, अंगावर चरबी जवळजवळ नाही. तोंड लांब आणि डोळे बाजूला असल्याने त्यांना दोन्ही कडांचे पुष्कळ दिसते. जे स्थिर आहे त्याकडे ती दुर्लक्ष करतील, पण जे पळते ते त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. पुढे जे काही आम्ही सांगणार आहोत ते सारे या दोन गोष्टींतून निघते: नाजूक शरीर आणि पळत्या वस्तूमागे धावण्याची उपजत ओढ.

आपल्या दख्खनचा नातेवाईक

आजींना आठवणारा करवानी कुत्रा याच वर्गातला आहे. महाराष्ट्र व कर्नाटकाच्या सीमेवरील कोरड्या मुलखात तो शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी सांभाळला. सशामागे धावणे आणि रात्री वस्तीची राखण करणे ही त्याची कामे. याचेच दुसरे नाव 'मुधोळ हाउंड'. मुधोळ हे पूर्वी मराठा घोरपडे घराण्याचे संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले, आणि आज ते गाव कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि पंचम जॉर्ज बादशहास एक जोडी भेट दिली. तेव्हापासून मुधोळचे नाव या कुत्र्याला चिकटले. एकाच कुत्र्याला दोन नावे असल्याने घोटाळाही होतो. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला 'कॅराव्हान हाउंड' म्हणते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' म्हणते.

२००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. २०१६ साली भारतीय लष्कराने ही जात प्रशिक्षणासाठी घेतली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात तिचा उल्लेख केला. देशी जातीचा असा गौरव झाला याचा आनंद आहे. परंतु नाव गाजले की मागणी वाढते, आणि मागणी वाढली की ज्याच्याकडे अंगण नाही तोही पिल्लू घेऊन येतो. करवानी नर सत्तर सेंटिमीटरच्या आसपास उंच होतो. त्याला दोन खोल्यांत कोंडणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

सिंगापुरात तर तो प्रश्नच येत नाही. तेथील बहुसंख्य लोक गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एच.डी.बी.च्या, सदनिकांत राहतात. अशा सदनिकेत एकच कुत्रा ठेवता येतो, आणि तोही मंडळाच्या यादीतील लहान जातीचा. त्या यादीत इटालियन ग्रेहाउंडचे नाव आहे. व्हिपेटचे नाही, करवानीचे नाही. शिवाय सिंगापूर १९५३ पासून पिसाळ रोगापासून मुक्त आहे. त्यामुळे भारतासारख्या देशातून कुत्रा न्यायचा तर लस, रक्ततपासणी, परवाना आणि विलगवास हे सारे सोपस्कार करावे लागतात. म्हणून मुलांनी शोधलेली वाट कायद्याने बरोबर आहे.

आता पुलाउ उबीनकडे वळू

ज्यांनी हे बेट पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. सिंगापूरच्या ईशान्येस, जोहोरच्या सामुद्रधुनीत, सुमारे १० चौरस किलोमीटरचे हे बेट आहे. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून लहान लाकडी बोटीने दहा-पंधरा मिनिटांत तेथे पोहोचता येते. पूर्वी येथे ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. १८५१ साली पुरा झालेला हॉर्सबर्ग दीपस्तंभ याच बेटाच्या दगडाचा आहे. खाणी बंद झाल्या, माणसे मोठ्या बेटावर गेली, आणि आता थोडकी जुनी घरे व दाट रान उरले आहे. पूर्वेच्या टोकाला चेक जावा नावाचा किनारा आहे. तेथे भर टाकून जमीन करावयाचे सरकारने ठरविले होते, पण तेथील समुद्रजीव पाहून लोकांनी आवाज उठविला आणि २००१ साली तो बेत पुढे ढकलण्यात आला.

कोकणातून आलेल्या आपल्या माणसास हे बेट पाहून रेवदंडा-नवगावकडची आठवण होईल. नारळ, खाडी, कौलारू घर, पायवाट. आणि तेवढ्याचमुळे फसगत होते. 'मोकळी जागा आहे, मोटारी थोड्या आहेत, येथे सोडू नये तर कोठे सोडावे?' असे वाटते. आमचे उत्तर स्पष्ट आहे: उबीनवर या कुत्र्यास कधीही मोकळा सोडू नये. कारणे पुढीलप्रमाणे.

पहिले कारण कायद्याचे. सिंगापुरात सार्वजनिक जागी कुत्रा दोरीनेच धरून न्यावा लागतो. हा नियम बेटालाही लागू आहे.

दुसरे कारण त्याच्या डोळ्यांचे. उबीनच्या रानात रानकोंबड्या आहेत, लांब शेपटीची माकडे आहेत, रानडुकरे आहेत, आणि आपल्याकडच्या पिसोरीच्या कुळातले ससाएवढे हरीण आहे. म्हणजे पावलोपावली काहीतरी हलते आहे. व्हिपेटसारखा कुत्रा ताशी ५० किलोमीटरचा वेग सहज धरतो. या हिशेबाने तो शंभर मीटर अंतर सुमारे सात सेकंदांत तोडतो. आपण त्याचे नाव दुसऱ्यांदा पुकारीपर्यंत तो झाडीत दिसेनासा झालेला असतो. इटालियन ग्रेहाउंड थोडा हळू असेल, पण आपल्यापेक्षा फार वेगवान आहे. तो आज्ञा मोडतो असे समजून त्याला मारणे व्यर्थ आहे. धावताना त्याचे सारे लक्ष डोळ्यांत एकवटते आणि त्या वेळी आपली हाक त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. उत्तम शिकविलेल्या कुत्र्याचेही असे होते.

तिसरे कारण त्याच्या हाडांचे. पिल्ले सांभाळणारी रानडुकरीण माणसावरही धावून जाते. पाच किलोच्या जिवाची तिच्यापुढे काय कथा! वस्तीतील घरांची राखणदार कुत्री परक्या कुत्र्यास हद्दीत येऊ देत नाहीत. जुन्या खाणी पाण्याने भरलेल्या आहेत आणि त्यांचे काठ उभे आहेत. आणि समजा यांतले काही आडवे आले नाही, तरी मुळात अडकून पाय मोडण्यास एक उडी पुरे.

चौथे कारण त्या रानाचे. ते प्राणी तेथील रहिवासी आहेत आणि आपण चार तासांचे पाहुणे. आपल्या कुत्र्याच्या आनंदासाठी एखादी रानकोंबडी अंड्यांवरून उठली, तर ती किंमत कोणी मोजली?

मग उबीनला नेऊच नये काय? दोरीने धरून, रुंद वाटेवरून, सकाळच्या पहिल्या बोटीने जरूर न्यावे. बोटवाल्यास आधी विचारावे, कारण सोबतच्या प्रवाशांचीही सोय पाहावी लागते. फलकावर मनाई असेल तेथे जाऊ नये. उन्हे चढण्यापूर्वी परतावे. विषुववृत्ताजवळची ती हवा दमट असते. कुत्र्यास आपल्यासारखा घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतो. हवेत आधीच पाणी असले की त्या धापांचा उपयोग कमी होतो. घरी आल्यावर कान, बगला आणि बोटांच्या बेचक्या तपासून गोचीड काढावी. धावावयाचे असेल तर त्यासाठी कुंपणाची जागा निवडावी. बिशान-आंग मो किओ उद्यान, वेस्ट कोस्ट उद्यान येथे कुत्र्यांसाठी कुंपण घातलेली पटांगणे आहेत. इस्राएलात बहुतेक शहरांत 'गिनत क्लाविम' असते. तेथे मोठ्या दांडग्या कुत्र्यांची गर्दी नसेल अशी वेळ पाहावी. आठवड्यातून दोनतीनदा पाचदहा मिनिटे जीव तोडून धावणे आणि रोज दोन वेळा शांत फिरणे, एवढ्यावर हा कुत्रा तृप्त असतो. उरलेला दिवस तो झोपून काढतो. म्हणूनच तो सदनिकेत शोभतो.

घरातली काळजी

*गळपट्टा.* या कुत्र्यांचे डोके मानेपेक्षा फारसे रुंद नसते. साधा पट्टा मागे ओढताच निसटतो. ओढल्यावर मापापुरता आवळणारा रुंद पट्टा किंवा अंगात घालावयाचा नीट मापाचा पट्टा घ्यावा. दाराची जाळी आणि गॅलरीचे गज तपासावेत. पाच किलोचा कुत्रा आपण कल्पना करणार नाही अशा फटीतून जातो.

*हाडे.* इटालियन ग्रेहाउंडचे पुढचे पाय पेन्सिलीसारखे असतात. पहिल्या दीड-दोन वर्षांत पलंगावरून किंवा मुलाच्या हातातून उडी मारताना ते मोडल्याची उदाहरणे पशुवैद्यांना नेहमीची आहेत. गुळगुळीत लादीवर सतरंजी टाकावी. लहान मुलांनी त्याला उभ्याने उचलू नये, जमिनीवर बसून मांडीवर घ्यावे, हा नियम पहिल्या दिवशीच घालावा.

*थंडी व ऊन.* अंगावर चरबी नाही, केस तोकडे. यरुशलेमच्या किंवा दिमोनाच्या हिवाळी रात्री त्याला लोकरी अंगरखा घालणे हा थाट नव्हे, ती गरज आहे. मऊ अंथरूण नसेल तर कोपरांना घट्टे पडतात. खमसीनच्या दिवसांत दुपारी बाहेर काढू नये. डांबरावर आपला तळहात क्षणभर टेकवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पावलांनाही सोसणार नाही.

*दात.* लहान तोंडात दातांची दाटी होते आणि हिरड्या लवकर बिघडतात. रोज दात घासण्याची सवय पिल्लापासून लावावी. पेस्ट कुत्र्यांसाठी केलेलीच घ्यावी.

*भूल आणि रक्ततपासणी.* ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. या वर्गातील कुत्र्यांचे यकृत भुलीची काही औषधे, विशेषतः जुन्या बार्बिट्युरेट प्रकारची, सावकाश पचविते. त्यामुळे त्यांना शुद्धीवर येण्यास फार वेळ लागतो. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी इतर कुत्र्यांहून अधिक असतात आणि थायरॉइडचे प्रमाण कमी दिसते. इतरांसाठी जो आकडा आजाराचा, तो यांच्यासाठी निरोगीपणाचा असू शकतो. म्हणून पशुवैद्यास जात आधी सांगावी आणि अशा कुत्र्यांचा अनुभव आहे काय हे न संकोचता विचारावे.

*इस्राएलातील विशेष.* येथे पिसाळ रोगाची लस, कातडीखालील ओळखचकती आणि परवाना कायद्याने सक्तीचे आहेत. वाळूमाशीमुळे होणारा लेश्मानिया आणि 'पार्कचा जंत' या दोन दुखण्यांविषयी पशुवैद्यास विचारून प्रतिबंधक उपाय करावेत. हा जंत शेणकिड्यांवाटे कुत्र्याच्या पोटात जातो आणि अन्ननलिकेत गाठ करतो.

आपले स्वयंपाकघर

आपल्या घरात प्रेम म्हणजे ताटातला घास. पण येथे हात आवरावा लागेल. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात, आणि आपले कालवण त्यांच्याशिवाय होत नाही. बिरड्याचा रस्साही म्हणून वर्ज्य. मनुका व द्राक्षे त्याच्या मूत्रपिंडास घातक ठरू शकतात. तेव्हा मलिद्याचे ताट उतरले की पाहुण्यांना व मुलांना आधीच बजावावे. मनुका वेचून काढून उरलेला मलिदा देऊ, असेही करू नये. शिजवलेली कोंबडीची हाडे फुटून आतड्यात टोचतात. चॉकलेट आणि साखरेऐवजी वापरतात ते झायलिटॉल ही विषेच आहेत. नुसत्या पाण्यात शिजवलेली कोंबडी, हाडे काढून, थोड्या भाताबरोबर दिली तर त्याच्या जिभेचे लाडही पुरतात.

धर्माच्या बाजूने दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जनावरास आधी खाऊ घालून मग आपण बसावे, ही आपल्या ज्ञात्यांची शिकवण आहे. गोमांस आणि दूध एकत्र शिजवलेले डब्यातील खाद्य आपल्याला कुत्र्यासाठीही चालत नाही. म्हणून डब्यावरील घटक वाचावेत. पेसाहात गहू-जव असलेले खाद्य घरात ठेवता येत नाही. परंतु खाद्य एका दिवसात बदलले तर कुत्र्याचे पोट बिघडते, यास्तव सणापूर्वी आठवडाभर नव्या खाद्याचे प्रमाण हळूहळू वाढवावे. खच्चीकरणाविषयी मतभेद आहेत. त्याविषयी निर्णय करण्यापूर्वी आपल्या रब्बींना विचारावे.

येथे एक गमतीची गोष्ट. मिश्ले ग्रंथाच्या तिसाव्या अध्यायात डौलाने चालणाऱ्या प्राण्यांत 'झर्झिर मोथनायिम' असा एक येतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनी तेथे 'ग्रेहाउंड' घातला. इतरांनी कोंबडा म्हटले, कोणी घोडा म्हटले, आणि आजच्या हिब्रूत झर्झिर म्हणजे साळुंकीच्या कुळातला एक पक्षी. तेव्हा आमचा कुत्रा शास्त्रात आहे असा दावा कोणी फार जोराने करू नये.

शेवटचा आणि खरा प्रश्न

प्रशियाचा राजा फ्रेडरिक याला इटालियन ग्रेहाउंडांचा मोठा लळा होता. आपल्याला आपल्या कुत्र्यांशेजारी पुरावे असे त्याने सांगून ठेवले होते. तो १७८६ साली वारला, पण त्याची इच्छा १९९१ साली पुरी झाली. राजाला दोनशे वर्षे थांबता आले. आपले तसे नाही.

लहान शिकारी कुत्रा बारा ते पंधरा वर्षे जगतो. तो माणसाला चिकटून राहणारा आहे. एकटा कोंडला तर रडतो, अन्न सोडतो. मूल दहा वर्षांचे असताना आणलेला कुत्रा ते मूल सैन्यातून परत येईपर्यंत घरात असेल. साठीच्या माणसाने घेतला तर आपल्या पंचाहत्तरीपर्यंतचा हिशेब करावा. आपल्या लोकांनी एकदा घर बदलले आहे, कित्येकांनी दोनदा. सामान बांधताना काय बरोबर न्यावयाचे आणि काय मागे ठेवावयाचे, हे ठरविण्याचे दुःख आपल्याला ठाऊक आहे. ज्याला ही गोष्ट समजावून सांगता येत नाही असा जीव मागे ठेवण्याची वेळ येऊ नये. म्हणून पिल्लू आणण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. दिवसभर त्याच्याजवळ कोण असेल? बदली झाली, आजार आला, तर तो कोणाकडे जाईल, आणि त्या माणसाने होकार दिला आहे काय? पाऊस असो की शराव, दोरी हातात घेऊन रोज दोन वेळा खाली कोण उतरेल?

तीनही उत्तरे नावानिशी मिळाली तर खुशाल आणावा. पिल्लूच हवे असाही हट्ट नको. मोठा झालेला, घर गमावलेला कुत्रा शांत असतो आणि त्याचा स्वभाव आधीच कळतो. सिंगापुरात २०११ पासून स्थानिक मिश्र जातीची कुत्री एच.डी.बी. सदनिकेत दत्तक देण्याचीही एक योजना आहे. एखादे उत्तर कोरे राहिले तर मात्र थांबावे. शेजाऱ्याचा कुत्रा फिरवून आणावा, निवाऱ्यात जाऊन आठवड्यास एक तास द्यावा. तेवढ्यानेही मुलांना पुष्कळ शिकता येईल.